मदत हवी आहे: जिप्सीला व्हेंटिलेटेड ब्रेक डिस्क बसवावी का?

नमस्कार मंडळी, साताऱ्यात राहतो. १९९८ची जिप्सी किंग आहे, पुढे साध्या सलग डिस्क (व्हेंटिलेटेडसारखी मधे हवा खेळायला फट नसलेल्या), मागे ड्रम ब्रेक. हौसेनं मोठे, जड २३५/७५ आर१५ टायर टाकले आणि तिथंच ब्रेकचं गणित बिघडलं.

गेल्या रविवारी कास पठारावरून चौघं सामानासकट उतरत होतो. यवतेश्वर घाटात तिसऱ्या गिअरमध्ये ब्रेकवर ब्रेक मारत आलो (चूक माझीच, दुसरा टाकायला हवा होता). खालच्या वळणांवर पेडल पार तळाला गेलं. गाडी बाजूला घेतली तर पुढच्या चाकांतून करपट वास, आणि डिस्कवर निळसर डाग. अर्ध्या तासाने पेडल परत आलं, म्हणजे बहुधा ब्रेक ऑइल उकळलं असणार. ते शेवटचं कधी बदललं तेही आठवत नाही!

डॉट ४ ऑइल आणि नवे पॅड टाकणारच आहे. पण डिस्क झिजल्यात, बदलायच्याच आहेत, तर व्हेंटिलेटेड डिस्क आणि मोठे कॅलिपर (पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणारा भाग) घ्यावेत असं मनात आहे. पिस्टन मोठा म्हणजे ऑइल जास्त लागणार. मग जुन्या मास्टर सिलिंडरवर (पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा पंप) पेडल लांब जातं का? १५ इंची स्टीलच्या रिममध्ये कॅलिपर घासत नाही ना? पुढचा ब्रेक वाढवून मागचे ड्रम तसेच ठेवले तर ओल्या मुरमावर पुढची चाकं आधी लॉक होतील (फिरायची थांबून घसरतील), ही खरी धास्ती आहे.

मेकॅनिक म्हणतो, "डिस्क लेथवर घासून घ्या, पळंल." मला पटत नाही. कुणी स्वतः हे काम केलं असेल तर कुठल्या गाडीचे पार्ट बसले ते सांगा. सातारा-कराड-सांगलीत हात बसलेला मिस्त्री असेल तर फारच उत्तम.