मदत हवी आहे: मेरुरज्जूच्या चित्रावर लाल काट, कारण कळेना

घाईघाईत
उद्या सकाळी व्हायवा. प्रतिक्षिप्त क्रियेचं चित्र काढलं: संवेदी चेतापेशी, मग सहयोगी, मग प्रेरक. सरांनी सहयोगीवर लाल काट मारून वही परत दिली, बोलले काहीच नाहीत. पुस्तकात तर तिन्ही आहेत! काय चुकलं? लिंका नकोत, सरळ सांगा.

तिरकस
चित्र कुठाय?

घाईघाईत
फोटो चढत नाहीये. नेहमीचंच आहे हो, पायाचं.

निशाचर
नेहमीची दोन आहेत. संदेश कातडीतून निघालाय की स्नायूतून? पाय पुढे उडतो की मागे येतो? आणि संवेदी पेशीचा पेशीकाय, म्हणजे केंद्रक असलेला मुख्य भाग, कुठे काढलास?

सायंतारा
वेदनेचा विषय निघालाच आहे तर 1965 चा मेल्झॅक आणि वॉल यांचा गेट सिद्धान्त वाचच. ठेच लागली की आपण अंगठा चोळतो ना? स्पर्शाचे जाड तंतू मागच्या शिंगात, म्हणजे पाठीतल्या करड्या भागाच्या मागच्या टोकात, वेदनेचा दरवाजा लोटतात. पाठीचा कणा नुसती वायर नव्हे, तो तिथेच निवड करतो. व्हायवात हे बोललीस की सर खूश.

तिरकस
वेदनेचा विषय काढला कुणी? आणि दरवाजाची कल्पना टिकली असली तरी 1965 चं मॉडेल जसंच्या तसं आता कुणी धरत नाही. शिवाय कणा म्हणजे हाड, आतला तो मेरुरज्जू. मोठ्या माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, कणा पुढे खाली जातच राहतो.

सायंतारा
हाड काढा पण फाटे फोडू नका.

घाईघाईत
पाय पुढे उडतो. हातोडी मारल्यावर. भांडू नका प्लीज, अकरा वाजले.

निशाचर
मग काट बरोबर आहे. हातोडी गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेवर बसते, मांडीचा पुढचा स्नायू किंचित ताणला जातो आणि त्यातल्या स्नायू-तर्कूंना तो ताण कळतो. तिथून निघणारा तंतू शरीरातल्या सर्वांत वेगवान तंतूंपैकी, सेकंदाला 80 ते 120 मीटर. तो मेरुरज्जूच्या करड्या भागात शिरून थेट प्रेरक पेशीवर टेकतो. मध्ये कुणी नाही, दोन पेशींमधला एकच सांधा (सिनॅप्स).
तुझ्या पुस्तकातलं चित्र काटा टोचल्याचं असणार. तिथे कातडीतले बारीक तंतू मागच्या शिंगात येतात, पुढचं काम सहयोगी पेशींची साखळी करते. एक पाय वर ओढला जातो, त्याच वेळी दुसरा ताठ होतो, नाहीतर माणूस पडेल.

वाटसरू
पण हातोडी कातडीवरच बसते ना? मग कातडीचा संदेश का नाही?

निशाचर
कातडीचाही जातो, ठोका जाणवतो तो त्यामुळेच. पण तिथली कातडी बधिर केली तरी पाय उडतोच.

चौकस
पाय उडत नसेल तर बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढायला सांगा. येन्द्राशिकची युक्ती. माझ्या वेळी पेशंटचा पाय ढिम्म हलेना, हे केलं आणि सरांच्या चष्म्याला लाथ!

लंबकर्ण
पायाला मुंग्या येत असतील तर बी12 तपासून घ्या. दुर्लक्ष नको.

तिरकस
मुंग्या कुणाला येतायत? आणि निशाचर, गुडघ्याच्या झटक्यातही सहयोगी पेशी आहेच. त्याच तंतूचा एक फाटा तिच्यावर जातो आणि ती मांडीच्या मागच्या स्नायूची प्रेरक पेशी दाबते. नाहीतर पुढचा ओढणार, मागचा अडवणार.

निशाचर
मान्य, लिहायचं राहिलं. पण ती बाजूच्या फांदीवर, मुख्य वाटेवर नाही. घाईघाईत, फांदी काढ आणि त्या पेशीजवळ वजा चिन्ह टाक. पेशीकायाचं विचारलं होतं, ते राहिलंच.

घाईघाईत
आतच काढलाय, करड्या भागात, मागच्या बाजूला. का?

निशाचर
तो रज्जूच्या बाहेर असतो, मागच्या मुळावरच्या फुगीर गाठीत. डीआरजी, डॉर्सल रूट गँग्लियॉन. तिथे लाल खूण नाही?

घाईघाईत
आहे. बारीक ठिपका आहे, मला शाई सांडली वाटली. पुन्हा काढतेय.

लंबकर्ण
आणि डी3 पण.