मदत हवी आहे : गगनबावड्याला पोस्टिंग आलंय, आईला घेऊन जाऊ की कोल्हापुरात ठेवू?

नमस्कार मंडळी. मी बँकेत आहे, नऊ वर्षं क्लार्क होते, आता ऑफिसर झाले आणि पोस्टिंग आलं गगनबावडा. 1 जूनला हजर व्हायचंय. ऑर्डर फोनवर आली तेव्हा मी गंगावेशीत दूध कट्ट्यावर किटली घेऊन उभी होते, धार काढणारे मामा म्हणतायत फेस बसू दे मग माप बघा, आणि मला ना माप दिसतंय ना म्हैस.

ज्याला सांगेल तो एकच म्हणतोय, पंचावन्न किलोमीटर तर हाय, अप-डाऊन कर की. हे सगळे लोक बावड्याला दिवाळीच्या सुट्टीत जाऊन गगनगडावर फोटो काढून आलेले आहेत. जुलैत कोण गेलंय? कोल्हापुरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथं पाच हजाराच्या वर. त्यात धुकं, त्यात माझी ॲक्टिवा.

पण खरी अडचण पावसाची नाही, म्हणजे पावसाचीच आहे पण वेगळी. आमचं घर शाहूपुरी कुंभार गल्लीत. कोल्हापूरवाल्यांना पुढचं सांगायला नको. 2019 च्या ऑगस्टला पाणी आलं, 2021 च्या जुलैला परत आलं, दोन्ही वेळा पंचगंगा नदी 55 फुटाच्या वर. 2021 ची रेघ आमच्या बाहेरच्या खोलीत स्विचबोर्डाच्या वर आहे, दोनदा रंग दिला तरी पावसाळ्यात ती खालनं वर येतेच. घरात आई आणि मी दोघीच. आई 68 ची, गुडघे गेलेत, पण पाणी चढायला लागलं की स्वतःचा फ्रिज सोडून आधी शेजाऱ्यांच्या गणपतीच्या मूर्ती हलवायला जाणार, कारण ऐन सीझनला कच्च्या मूर्ती भिजल्या तर त्यांचं वर्ष गेलं. राजाराम बंधाऱ्याची पातळी ती रोज मोबाईलवर बघते, इशारा 39 फुटाला आणि धोका 43 ला, आमची बॅग 37 लाच भरून तयार असते. सिलिंडर माळ्यावर मी चढवते. यंदा कोण चढवणार?

आणि गंमत बघा, बावड्यात पडलेलं पाणीच कुंभी नदीतनं खाली येतं, प्रयाग चिखलीला बाकीच्या नद्यांना मिळून पंचगंगा होतं आणि आमच्या गल्लीत शिरतं. म्हणजे मी वर शाखेच्या खिडकीतनं बघत बसणार की आता हे आईकडं चाललंय, आणि मधला रस्ता तोपर्यंत बंद.

गेल्या रविवारी खोली बघायला गेले होते. जांभ्याची भिंत, कौलारू, भाडं इकडच्या निम्म्याहून कमी. मे महिन्यात भिंतीला हात लावला तर गार. घरमालकीण मावशी म्हणाल्या पावसाळ्याआधी पश्चिमेच्या अंगाला झड्या (पावसाचा मारा अडवायला भिंतीला बांधतात तो आडोसा) बांधतो, तुमच्या बाजूला पण बांधून देऊ. कपडे कुठं वाळवायचे विचारलं तर हसल्या आणि चुलीवरची दोरी दाखवली. धुराचा वास येतोय पण वाळत्यात म्हणाल्या. मी बँकेत धुराच्या वासाचा ड्रेस घालून बसलेय असं डोळ्यासमोर आलं.

तर विचारायचं असं की तिकडं पावसाळा काढलेलं कुणी आहे का, खोली घेताना काय बघायचं, की मधे वाटेवरच्या कळे गावात राहून दोन्ही जमेल, आणि आईचं काय करू? ती म्हणते मी कुठं जात नाही, चाळीस वर्षं इथंच काढलीत. नाही म्हणायचा ऑप्शन मला नको आहे, नऊ वर्षं वाट बघितलीय, एवढं समजून घ्या.

रंकाळा_चौपाटी :
ताई एवढं टेन्शन कशाला, माझे मेव्हणे तिकडं शाळेवर आहेत, रंकाळा स्टँडवरनं सकाळची एसटी पकडतात, रोज अप-डाऊन, एकदम निवांत.

धागाकर्ती :
मेव्हणे जुलै-ऑगस्टमध्ये पण?

रंकाळा_चौपाटी :
नाही, तेव्हा तिथंच खोली घेऊन राहतात.

घाटमाथ्यावरचा मास्तर :
ताई, मी त्या तालुक्यात सहा पावसाळे काढलेत, म्हणून जरा लांबड लावतो. कळ्याला राहायचा विचार डोक्यातनं काढा. पूर आला की पुढं मांडुकली-खोकुर्ल्याला रस्त्यावर पाणी आणि मागं बालिंग्याचा पूल बंद, ना शाखेत पोचणार ना आईकडं. राहायचं तर बावड्यातच. मात्र तिथनं कोल्हापूरचा रस्ता तुटला की उरतो घाट, करूळनं वैभववाडीला नाहीतर भुईबावड्यानं, आणि घाटात दरड कधी येईल सांगता येत नाही. त्यामुळं आठवडाभर अडकायचं सामान घरात पाहिजेच, मेणबत्त्या, गोळ्या-औषधं महिन्याची, भरलेला दुसरा सिलिंडर.

त्या मावशी झड्या बांधून देतो म्हणाल्या ना, मग खोली सोडू नका. शहाणी बाई आहे. पश्चिमेची भिंत उघडी ठेवून नुसता रंग मारलेल्या नव्या स्लॅबच्या घरात मी पहिलं वर्ष काढलं, जुलैअखेर माझ्या सर्टिफिकेटांवर हिरवी लव आली होती. लाकडी कपाट नेऊ नका, पत्र्याचं न्या आणि आत बल्ब लावा, साधा जुना पिवळा, एलईडीला ऊब नसते. कडधान्य, मीठ, काडेपेटी सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात. सुती कपडे ऑक्टोबरपर्यंत विसरा. जळण आणि शेणी मावशींकडनं मेमध्येच भरून घ्या, जूनमध्ये कुणी कोरडं देणार नाही. आणि अंधार पडल्यावर ॲक्टिवा काढायची नाही. गवे रस्त्यावर उभे असतात, धुक्यात काळं जनावर दिसत नाही, हॉर्न वाजवला तर हलत पण नाही.

धुराच्या वासाचं म्हणाल तर सगळ्या गावालाच तो वास असतो, तुमच्या खातेदारांना सुद्धा. कळणार नाही कुणाला.

दुसरा_चौथा_शनिवार :
मी पण बँकवाला, अशाच एका शाखेत तीन वर्षं काढली. घरापेक्षा आधी शाखेतल्या यूपीएसच्या बॅटऱ्या कधी बदलल्यात ते विचार. पावसात लाईट गेली की लिंक जाते, लिंक गेली की माणसं छत्र्या गळत काउंटरसमोर उभी आणि तू रिकामी. मी त्या वेळात पीक कर्जाचे कागद तपासून ठेवायचो, जूनमध्ये गर्दी तीच असते. आणि महत्त्वाचं, पुराच्या वेळी मुख्यालय सोडायची परवानगी फोनवर मागत बसू नकोस, आईची परिस्थिती आत्ताच लेखी कळवून ठेव. नंतर कुणी ऐकत नाही, माझं ऐकलं नव्हतं.

कुंभार_गल्लीचाच :
ताई मी तुमच्याच गल्लीतला, ओळख सांगत नाही, आई ओळखतील. सिलिंडरचं मनावर घेऊ नका, तालमीची पोरं आहेत की, चावी ठेवून जावा. पण एक विचारतो, राग मानू नका. पुरात आईंना हलवायचं म्हणजे सामान नाही, आईच हलत नाहीत. 2021 ला बोट दारात आली तरी देवघरातली समई शोधत होत्या. घर आम्ही सांभाळतो, त्यांना तुम्ही न्या. फ्रिज, मशीन जूनच्या आधी माळ्यावर चढवून टाकू, रविवारी सांगा, चौघंजण येतो.

धागाकर्ती :
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. मास्तर, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. बुरशीचं ऐकून ती म्हणाली, मग तुला एकटीला ते जमणार आहे का, तुला साधी चूल पेटवता येत नाही. मी गप्प बसले, म्हटलं ही स्वतःच रुळावर येतेय तर येऊ दे.

मग म्हणाली समजा आले तर जून ते श्रावण. गणपतीला मी इथं पाहिजे. आणि समई बरोबर घेणार. (कुंभार गल्लीचाच, तू कोण ते आईनं समईवरनं लगेच ओळखलं. रविवारी ये, पोहे करते म्हणालीय.) मुख्यालयाचं पत्र काल दिलं, सही-शिक्क्याची पोच घेतली.

गुडघ्यांचं जरा बघावं लागेल, त्या खोलीला तीन उंच पायऱ्या आहेत आणि ओल्या जांभ्यावर पाय सटकतो का ते मावशींना विचारून घेते.

आता राहिलं एकच, आणि हे आईचं नाव सांगून विचारतेय. तिला पिशवीचं दूध चालत नाही, चहा सोडून देते पण पिशवी फोडत नाही. बावड्यात सकाळी सहाला म्हशीचं, समोर काढलेलं, कुणाच्या गोठ्यात मिळेल? मावशींकडं गाय आहे, पण गाईच्या दुधाचा चहा म्हणजे पाणी असं तिचं मत आहे. कुणाला माहिती असेल तर सांगा, त्यावरच अडलंय.