सातबारा मालकाचा, जमीन वाटेकऱ्याच्या हातची: महामार्गात गेली तर कुणाला काय मिळतं?

माळरान
अक्कलकोट तालुक्यातल्या एका गावासाठी विचारतोय. सुरत-चेन्नई महामार्गाच्या आखणीत एक मोठा गट जातोय. मालक पुण्यात असतो, जमीन दोन कुटुंबं बटईने कसतात. बांधाला लागून गायरानात शेतमजुरांची पत्र्याची सहा-सात घरं आहेत, तीही रेषेत येतात. नोटीस मालकाला आली, बाकी कुणाला कागद नाही. तलाठी म्हणतात, ज्याचं नाव त्याचे पैसे. वाटेकऱ्याला आणि मजुराला खरंच काही नाही का? आणि रस्ता कुठून जाणार हे आधीच कळलेल्यांनी शेजारचे गट घेऊन ठेवलेत, त्याचं काही करता येतं का?

कलम_वाचा
तलाठी अर्धंच सांगतायत. जमिनीची किंमत हक्कनोंदीतल्या नावाला मिळते, खरं आहे. पुनर्वसनाचं तसं नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात मालकाबरोबरच संपादनाआधी तीन वर्षं त्या जमिनीवर ज्यांचं पोट होतं ते शेतमजूर, कूळ, वाटेकरी, कारागीर हे सगळे ‘बाधित कुटुंब’ धरलेत. महामार्गाचं संपादन १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याने होतं, म्हणून ‘तो कायदा इथे चालत नाही’ असं सांगून लोकांना परत पाठवतात. पण केंद्राच्या २८ ऑगस्ट २०१५ च्या आदेशाने २०१३ च्या कायद्याच्या पहिल्या तिन्ही अनुसूची (भरपाई, पुनर्वसन आणि सुविधांचे तक्ते) महामार्गालाही लागू झाल्यात. अर्जात हा आदेश तारखेसकट लिहा.

जे लागू नाही ते म्हणजे सामाजिक परिणामांचं मूल्यांकन आणि ७०-८० टक्के संमतीची अट. गरिबाचा घात इथेच होतो. गावात कोण कशावर जगतं याची पाहणीच होत नाही, मग यादीत नाव येणार कुठून? म्हणून ती यादी तुम्हीच करून द्यायची.

दुसऱ्या अनुसूचीत घर जाणाऱ्याला घर आहे. बाधित कुटुंबाला नोकरी, नाहीतर एकरकमी ५ लाख, नाहीतर २० वर्षं महिना किमान २ हजार. विस्थापिताला वर्षभर महिना ३ हजार निर्वाह भत्ता, हलवाहलवीचे ५० हजार, आणि पुनर्वसन भत्ता ५० हजार एकदाच. गोठा किंवा छोटं दुकान असेल तर किमान २५ हजार.

आता तारखा. महामार्ग कायद्याच्या कलम ३ए ची, म्हणजे जमीन घ्यायचा इरादा सांगणारी अधिसूचना राजपत्रात आली की हरकतीला २१ दिवस (कलम ३सी). त्यानंतर वर्षाच्या आत ३डी, म्हणजे संपादनाची घोषणा निघाली नाही तर ३ए गळून पडते. ३डी निघाली की जमीन सरकारची. पुढे भरपाई ठरवण्यासाठी ३जी ची नोटीस दोन वर्तमानपत्रांत येते, त्यातलं एक मराठी असतं. ती ‘हितसंबंधित’ सगळ्यांसाठी असते, फक्त मालकासाठी नाही. वाटेकऱ्याने लेखी दावा तिथे टाकायचा. वाटणीचा वाद नोंदवला की सक्षम प्राधिकाऱ्याला (भरपाई ठरवणाऱ्या भूसंपादन अधिकाऱ्याला) तो ३एच(४) खाली जिल्हा न्यायालयाकडे पाठवावा लागतो. हे मालकाने पैसे उचलायच्या आत व्हायला हवं.

वाटेकरी कूळ ठरतो का, हे तहसीलदार १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ७०(ब) खाली ठरवतात. पण अर्ज पडला की मालक पुढच्या हंगामाला जमीन काढून घेऊ शकतो. आधी पुरावा गोळा करा, मग अर्ज.

बांधावरून
पुरावा कुठला, ते सांगतो. वाटेकऱ्यासाठी: मालकाने फोनवर पाठवलेले बियाणं-खताच्या पैशांचे व्यवहार, आडतीच्या पट्ट्या, कारखान्याला ऊस गेला असेल तर त्याची बिलं, शेजारच्या दोन गटधारकांचे जबाब. मजुरासाठी: रोजगार हमीचं जॉबकार्ड, त्यावरची तीन वर्षांची हजेरी. घरासाठी: ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ चा उतारा, घरपट्टीची पावती, लाईटबिल, रेशनकार्ड, पोरांचे शाळेचे दाखले. गायरानातल्या घराला जागेची किंमत मिळत नाही, पण बांधकाम आणि पुनर्वसन मागता येतं. ‘अतिक्रमण’ या एका शब्दावर गप्प बसू नका.

सगळ्यात जास्त नुकसान संयुक्त मोजणीच्या दिवशी, म्हणजे सरकारी खाती एकत्र येऊन जागेवर मोजतात तेव्हा होतं. त्या शीटवर जे चढलं नाही ते निवाड्यात (भरपाईच्या आदेशात) शोधूनही सापडत नाही. जमिनीखालची पाईपलाईन दिसत नाही म्हणून सुटते. आधीच तीन-चार ठिकाणी उकरून पाईप उघडा करून ठेवा, गट नंबरची पाटी धरून फोटो घ्या. बोअरची खोली, विहिरीचा व्यास, बांधावरची लिंब-बाभळ, फळझाडांचं वय हे सगळं लिहून घ्या. घराच्या मोजमापात भिंत दगडाची की विटांची, पत्रे किती, संडास आणि गोठा वेगळा लावला का ते पाहा. पंचनाम्यावर सही करण्याआधी रिकाम्या रकान्यांवर रेघ मारा. पटलं नाही तर ‘हरकत राखून’ असं लिहून सही करा आणि त्याची प्रत मागा.

मोजणी दिवाळीनंतर आली तर ऊसतोडीला गेलेली घरं कुलूपबंद असतात आणि ‘वापरात नाही’ असा शेरा पडतो. जाण्याआधी ग्रामपंचायतीकडून रहिवासाचा लेखी पुरावा घेऊन ठेवावा.

मालकालाही एक सांगा, कारण त्याचा आकडा वाढला तरच वाटणीचं बोलणं सोपं जातं. दर म्हणजे रेडीरेकनर (सरकारी दरपत्रक), किंवा तीन वर्षांतल्या खरेदीखतांपैकी वरच्या निम्म्यांची सरासरी, यातला जास्तीचा. त्याला गुणकाने (दर किती पट धरायचा तो आकडा) गुणायचं, मग येईल तेवढीच दिलासा रक्कम वर. एकरी १० लाख दर धरला तर गुणक १ ने २० लाख, गुणक २ ने ४० लाख. अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंतचे १२ टक्के वेगळे. निवाड्यात गुणक कितीचा धरलाय ते पहिलं बघा. दुसरी चूक जिरायत-बागायतची: पीकपाहणीत आपल्याकडे सरसकट ज्वारी लागलेली असते, मग पाण्याखालच्या रानालाही जिरायतीचा दर बसतो. रस्त्याने तुकडा पडून उरलेला त्रिकोण कसण्याजोगा राहत नसेल तर ३जी(७) खाली त्याचं नुकसान वेगळं मागावं.

भीमाकाठ
आधी कळलेल्यांबद्दल. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ‘ई-सर्च’ आहे, तिथून आखणीतल्या प्रत्येक गटाची सूची २ (नोंदलेल्या खरेदीखताचा गोषवारा) काढा. एका कागदावर तीन रकाने करा: खरेदीची तारीख, दर, घेणाऱ्याचा पत्ता. त्याशेजारी सर्वेक्षणाचं काम दिल्याची आणि आखणी मंजूर झाल्याची तारीख माहिती अधिकारात मागून लावा. चित्र आपोआप दिसतं. झालेली खरेदी यातून सहसा रद्द होत नाही, तेवढी आशा धरू नका. पण घाईने बिनशेती केलेले तुकडे आणि रातोरात लावलेल्या फळबागा यांवर तारखांसकट लेखी हरकत दिली की अधिकाऱ्याला तपासावं लागतं.

याची दुसरी बाजूही आहे. मुद्रांक वाचवायला गावातले लोक खरेदीखतात रक्कम कमी लिहितात आणि सरासरी खाली येते. छोटा शेतकरी यात मार खातो. बाहेरच्या मोठ्या खरेदीदाराकडे वकील असतो, तो भरपाई वाढवून घ्यायला लवादापर्यंत जातो.

मजुराचं नुकसान प्रकल्प पुरा होण्यावरही अवलंबून नसतं. सोलापूरजवळ बोरामणीला विमानतळासाठी जमीन घेतली, विमानं उडतायत ती होटगी रोडच्या जुन्या विमानतळावरून. त्या रानावर ज्यांना रोज मिळायचा, त्यांचं काम मात्र गेलंच. उजनीच्या पाण्यावर जिल्हाभर साखर कारखाने उभे राहिले, आणि धरणात गेलेल्या गावांतले लोक पुनर्वसित गावठाणात नागरी सुविधांसाठी अर्ज करत राहिले. म्हणून पुनर्वसनाचे पैसे आणि घर ताब्याआधी मागा. ३ई ची नोटीस आल्यावर ताबा द्यायला ६० दिवसच असतात.

माळरान
मालक आता म्हणतोय, ‘थोडे पैसे देतो, कोऱ्या स्टँपवर सही करून द्या.’ वाटेकरी द्यायला तयार झालेत.

कलम_वाचा
अजिबात देऊ नका अण्णा. त्या कागदावर उद्या ‘आम्ही कधीच जमीन कसली नाही’ असं लिहिलं जाईल. मालक खरंच देणार असेल तर दोघांच्या सहीचा अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे द्यायचा: गट नंबर, कुणाला किती टक्के, प्रत्येकाचा खाते नंबर, रक्कम थेट खात्यावर. ‘पुनर्वसनाचा हक्क यातून सोडलेला नाही’ ही ओळ त्यात हवीच. दोन प्रती करा, एकीवर आवक नंबर आणि शिक्का घेऊन ती वाटेकऱ्याच्या घरी ठेवा.