छोट्या हत्तीच्या कचरागाडीचं टेक्निक मॉडेल: चढावर गिअर कटकटतो, हौदा उचलत नाही

खटपट्या (इंदूर)

गणपतीत मंडळाच्या मांडवात ठेवायला आपल्या इंदूरच्या कचरागाडीचं चालतं मॉडेल लेगो टेक्निकमध्ये करतोय. खऱ्या छोट्या हत्तीची (टाटा एस) रुंदी साधारण १.५ मीटर आणि व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या आसांमधलं अंतर, २.१ मीटर. माझ्याकडे ४३.२ मिमीचे टायर आहेत, त्यावरून प्रमाण १:१२.५ धरलं. म्हणजे रुंदी १५ स्टड (स्टड हे लेगोचं ८ मिमीचं माप), व्हीलबेस २१ स्टड. सेलसकट वजन १.३ किलो. हौदा २० स्टड लांब, मधे पडदी, ओल्याचा कप्पा हिरवा आणि सुक्याचा निळा.

तीन ठिकाणी अडलोय:

१. मागची चाकं एल मोटरवर (लेगोची मोठी मोटर). मोटरला २० दाती गिअर, तो २४ दातीला फिरवतो, पुढे कार्डन जॉइंट (वाकून फिरणारा सांधा), मग १२ दाती पिनियन (फिरवणारा लहान गिअर) आणि २८ दाती डिफरन्शियल (दोन्ही चाकांना फिरवणारा गिअरसंच). सपाटीवर मस्त पळते. १५ अंशांच्या फळीवर चढवली की कट-कट-कट आवाज येतो आणि गाडी जागेवरच. २० आणि २४ च्या ॲक्सलमधे दोन स्टड पुढे, दोन स्टड वर असं अंतर आहे.

२. स्टिअरिंगला सर्व्हो मोटर (ठरावीक कोनातच फिरणारी), ८ दाती पिनियन आणि रॅक (दातेरी पट्टी). चाकं वळतात, पण फार कमी. वळायला अख्खी खोली लागते.

३. हौदा मोठ्या लिनिअर ॲक्च्युएटरवर (मोटरने लांब-आखूड होणारा दांडा). रिकामा हौदा उचलतो. ३०० ग्रॅम टाकले की ॲक्च्युएटर आतल्या आत टकटकतो आणि थांबतो. तो हौद्याखाली जवळजवळ आडवा झोपवलाय, हौद्याच्या पिनपेक्षा एकच स्टड खाली. बिजागरी अगदी मागच्या काठावर.

पलासिया_पॉवर

एल काढा, त्याहून मोठी एक्सएल लावा. एल अडल्यावर १८ न्यूटन-सेंमीच्या आसपास देते, एक्सएल ४०. चढ चुटकीसरशी.

दातेरी

नका लावू. आधी हिशोब बघा. १.३ किलोची गाडी १५ अंशांवर ओढायला ३.३ न्यूटन लागतात. टायरची त्रिज्या २१.६ मिमी, म्हणजे चाकावर साधारण ७.१ न्यूटन-सेंमी. तुमचं गिअरचं एकूण प्रमाण १.२ गुणिले २.३३, म्हणजे २.८. घर्षणात चाळीस टक्के गेले असं धरलं तरी मोटरवर सव्वाचारच्या आत ओझं येतं. एल ते हसत पेलते. जोर भरपूर आहे, तो दातांपाशी वाया जातोय. एक्सएल लावलीत तर तेच दात दुप्पट जोराने घसरतील आणि झिजतील.

आवाज दोन ठिकाणांहून येऊ शकतो. बोटाने एकेक गिअर दाबून धरा. ज्याला धरल्यावर आवाज थांबतो, तो चोर.

पहिला संशय २०-२४ च्या जोडीवर. या गिअरमधे जितके दात तितका मिलिमीटर व्यास, म्हणून दोन ॲक्सलमधलं अंतर दातांच्या बेरजेच्या निम्मं हवं: ४४ चे निम्मे २२ मिमी. तुम्ही दोन पुढे, दोन वर घेतलंय; स्टड ८ मिमीचा, तेव्हा १६ आणि १६ चा कर्ण २२.६३ मिमी. सहा दशांश मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण दातांची एकमेकांत शिरण्याची खोलीच २ मिमी असते. त्यातला तिसरा हिस्सा गेला, वर ओझ्याखाली ॲक्सल वाकला, की दात दातावरून उडी मारतो. सपाटीवर ओझं नसतं, म्हणून तिथे कळत नाही.

नीट बसणाऱ्या जोड्या पाठच करून टाका. ८ आणि २४, १२ आणि २०, १६ आणि १६: सगळ्यांना २ स्टड. ८ आणि ४०, १२ आणि ३६, २४ आणि २४: ३ स्टड. १६ आणि २४ ला अडीच लागतात, ते सरळ रांगेत जमत नाहीत. पण दोन पुढे, दीड वर घेतलं की कर्ण बरोबर अडीच येतो. १६ आणि २० ला १८ मिमी हवेत, दोन-एकचा कर्ण १७.९, तोही चालतो. संगणकावरच्या आराखड्यात गिअर एकमेकांत घुसलेले दिसले तरी फसू नका, बेरीज करा.

तुम्ही ८ आणि २४ लावा, सरळ रांगेत दोन स्टडवर. एकूण प्रमाण ७ होईल. मोकळी एल ९ व्होल्टवर मिनिटाला ३९० च्या आसपास फिरते, चाक साधारण ५६, गाडी सेकंदाला १२-१३ सेंमी. साडेबारा पट केलं तर ताशी पाचसहा किलोमीटर, म्हणजे सकाळी गल्लीत कचरागाडी चालते तीच चाल. आत्ताची तुमची गाडी ताशी चौदाच्या हिशोबाने पळतेय. लोकांनी बादली आणायची कधी?

दुसरा संशय १२ दाती पिनियनवर. शंकूच्या आकाराचे दात ओझ्याखाली एकमेकांना दूर ढकलतात. आता ७ चं प्रमाण झाल्यावर कार्डनवर आणि पिनियनवर आधीपेक्षा अडीच पटीपर्यंत पीळ येऊ शकेल, म्हणजे आज गप्प असलेलं पिनियन उद्या बोलू शकेल. डिफरन्शियल ५×७ च्या बंद चौकटीत बसवा. पिनियनचा ॲक्सल आखूड बाजूच्या मधल्या छिद्रातून आत घ्या आणि चौकटीबाहेर लगेच बुश (ॲक्सलवर घट्ट बसणारी कडी) चढवा, म्हणजे पिनियन मागे सरकणार नाही. बुश आणि चौकट यांच्यात कागद सरकेल इतकीच फट. आवळून बसवलं तर घर्षणाने मोटर तापते. बीम (छिद्रांची पट्टी) एकाच बाजूला पिनने लटकवून डिफरन्शियल धरलं असेल तर कितीही पिना लावा, उघडणारच.

रॅकवाला

स्टिअरिंगचं थोडक्यात. सर्व्हो एका बाजूला ९० अंश फिरते. ८ दाती पिनियनचा पूर्ण फेरा २५.१ मिमी, पाव फेरा ६.३ मिमी. चाकाच्या खुंटीचा हात २ स्टड म्हणजे १६ मिमी धरला तर चाक वळतं जेमतेम २३ अंश. १६८ मिमी व्हीलबेसला वळणाची त्रिज्या ३९ सेंमीच्या पुढे जाते. तुमची खोली तिथे जाते.

सर्व्होवर २० दाती लावा, तो १२ दातीला फिरवेल (दोन स्टड), आणि त्याच ॲक्सलवर ८ दाती पिनियन. पिनियन १५० अंश फिरेल, रॅक साडेदहा मिमी सरकेल, चाक ४० अंश वळेल, त्रिज्या २० सेंमीच्या आत. पण सर्व्होची ढिलाई आता चाकावर १.६७ पट दिसेल. म्हणून रॅक दोन्ही बाजूंनी गुळगुळीत बीममधे सरकवा. काळ्या घट्ट पिना सांगाड्याला, फिरणाऱ्या सांध्यांना करड्या मोकळ्या पिना. सांध्यात काळी पिन घातली की सर्व्हो मधोमध परत येत नाही, आणि मग लोक सर्व्होला शिव्या देतात.

४० अंशांवर टायरची मागची कड आत येते. सांगाड्यापासून एक स्टड मोकळी जागा आधीच ठेवा.

आडवा_बीम

आता हौदा. ॲक्च्युएटरचा टकटक आवाज त्याच्या आतल्या क्लचचा. मोडलेला नाही, फक्त हात टेकलेत.

चूक मांडणीत आहे. जवळजवळ आडवा ॲक्च्युएटर हौद्याला वर उचलत नाही, बिजागरीकडे ढकलत बसतो. आकड्यांत सांगतो. हौद्यावरची पिन बिजागरीपासून ६ स्टडवर आणि ॲक्च्युएटरचं मूळ १७ स्टडवर, पण फक्त १ स्टड खाली असेल, तर सुरुवातीला उचलणारा हात, म्हणजे बिजागरीपासून जोराच्या रेषेचं लंब अंतर, भरतो ४.३ मिमी. हौदा २०० आणि भार ३०० ग्रॅम, वजनाचा मध्य बिजागरीपासून १० स्टडवर, म्हणजे ३९ न्यूटन-सेंमी. ॲक्च्युएटरला ९१ न्यूटन ढकलावे लागतात, नऊ किलोच्या वर! मूळ ३ स्टड खाली घ्या, हात १२.६ मिमी होतो आणि जोर ३१ न्यूटनवर येतो.

मग बिजागरी, पिन आणि मूळ तिन्ही ३ स्टड पुढे सरकवा. वजनाचा मध्य ७ स्टडवर येतो, जोर २२ न्यूटन. खऱ्या टिपरचीही मागची फळी बिजागरीच्या मागे लोंबते, तेव्हा दिसायलाही बरोबर. या मांडणीत हौदा खाली असताना ॲक्च्युएटर ११.४ स्टड, पूर्ण बाहेर आल्यावर १६, आणि हौदा ५८ अंशांपर्यंत जातो. कचरा ४५ लाच घसरतो, तेव्हा शेवटपर्यंत नेऊ नका.

बिजागरी मागच्या आसापासून दोन स्टडपेक्षा जास्त मागे नको. नाहीतर भरलेला हौदा वर गेला की पुढची चाकं हवेत. सेलचा डबा केबिनमागे, पुढच्या आसाच्या जितका जवळ जाईल तितका बरा.

खटपट्या

अहो, २०-२४ च्या गिअरवर बोट ठेवलं आणि आवाज बंद! ८-२४ केलं, चौकट आणि बुश लावले, १५ अंश आता निवांत चढते. आडवा_बीम, मूळ ३ स्टड खाली नेऊन हौदाही ३०० ग्रॅमने उचलतोय.

आता एक भर. मांडवात रोज संध्याकाळी चार-पाच तास, दहा दिवस हौदा आपोआप वर-खाली होत राहायला हवा. रिमोट घेऊन कोण बसणार? आणि पोरं बोटं घालणारच.

आडवा_बीम

मग ॲक्च्युएटर काढा. प्रत्येक टोकाला क्लच घसरणार, मोटर उलटी फिरवायला कुणीतरी लागणार. त्याऐवजी एकाच दिशेने फिरणारी क्रँक (फिरता हात) आणि तिला हौद्याशी जोडणारा दांडा.

एम मोटर (एलपेक्षा लहान), तिला वर्म (स्क्रूसारखा गिअर), वर्मवर २४ दाती, त्याच ॲक्सलवर ८ दाती, तो ४० दातीला फिरवेल. ४० दातीच्या ॲक्सलवर २ स्टडची क्रँक. क्रँकचं केंद्र बिजागरीपासून १५ स्टड पुढे आणि ३ स्टड खाली, हौद्यावरची पिन ६ स्टडवर तशीच. एम मोकळी ४०० च्या आसपास फिरते, २४ गुणिले ५ म्हणजे १२० ने भागा: १८ सेकंदांत एक फेरी. चार्जिंगचे निकेल सेल लावले तर ९ ऐवजी ७.२ व्होल्ट मिळतात, फेरी २२ सेकंदांवर जाईल. बघणाऱ्यांना तीच बरी. सेलचे दोन संच ठेवा, एक चार्जिंगला.

दांड्याच्या लांबीत सगळे फसतात. छिद्रापासून छिद्रापर्यंत साडेअकरा स्टड हवेत. १२ स्टड अंतराचा बीम घेतला तर हौदा कधीच पूर्ण बसत नाही, जवळजवळ अकरा अंश उघडाच राहतो. ११ घेतला तर तळाशी आल्यावर तोच दांडा हौद्याला सांगाड्यावर दाबतो आणि एखादी पिन उडते. म्हणून बीम नको. लांब ॲक्सलच्या दोन टोकांना छिद्राचे कनेक्टर आणि अंतर राखायला मधे बुश, शेवटी एक अर्धा बुश. अर्धा बुश बरोबर अर्ध्या स्टडचा असतो. वरच्या टोकाला हौदा ५० अंश उघडतो.

वर्म स्वतःच्या ॲक्सलवर पुढेमागे सरकतो. दोन्ही बाजूंना बुश लावून तो आणि २४ दाती एकाच बंद चौकटीत धरा, नाहीतर पहिल्याच संध्याकाळी दात खरवडले जातील. गिअरखाली पांढरी भुकटी दिसली की समजा फट राहिली.

दातेरी

बोटांसाठी: वर्मवरचा २४ दाती साधा न घेता पांढरा क्लचवाला घ्या, त्यावर २.५ आणि ५ न्यूटन-सेंमी असं कोरलेलं असतं. पुढे पाच पट, म्हणजे क्रँकवर १२.५ ते २५ ला तो घसरतो. हौद्यात कागदाचे गोळे, फार तर ५० ग्रॅम, भरले तर क्रँकला पाचसहा न्यूटन-सेंमी पुरतात. बोट अडकलं की क्लच घसरेल, मोटर फिरत राहील. साधा गिअर असता तर वर्मपुढे बोटाने माघार घेतली असती.

दगड-वाळू भरू नका, ३०० ग्रॅमला हा क्लच घसरू शकतो.

खटपट्या

साडेअकराचा दांडा जमला, हौदा अगदी टेकतो. एकच राहिलं: दर फेरीला तळाशी आल्यावर टक् असा हलका आवाज येतो.

आडवा_बीम

हौदा खाली येताना शेवटचे एक-दोन अंश पिनांच्या ढिलाईने आपटतो. हौदा टेकतो त्या बीमवर रबरी बुश किंवा छोट्या टायरचा तुकडा लावा. तो जाड वाटला तर पातळ तुकडा घ्या; दांडा मात्र आखूड करू नका, नाहीतर तो हौद्याला दाबेल.