माडी भाड्याने घ्यावी का? (फॅमिली ग्रुप, रत्नागिरी)

पूर्वा: यांची बदली रत्नागिरीला झालीय ते सांगितलंच होतं, काल टिळक आळीच्या बाजूला एक जुनं घर बघून आलो, खाली दुकान आणि वरची अख्खी माडी भाड्याने देतायत, चार मोठ्या खोल्या, वर पोटमाळा, पुढे लाकडी गॅलरी. भाडं 14 हजार, डिपॉझिट 50. थिबा पॅलेसच्या बाजूचा टूबीएचके पण तेवढ्यालाच आहे पण तिथे सासूबाईंची खाट लावली की मुलांनी बाल्कनीत झोपायचं. मालक शनिवारपर्यंत सांगा म्हणतायत

माईआत्या: घे गो डोळे मिटून. जांभ्याच्या भिंती, मे महिन्यात पंखा नको

नाना: आत्या, ते खालच्या मजल्याचं. माडीवर कौलांखाली दुपारी तापतंच, फळ्यांचा माळा आहे म्हणून जरा कमी.

वहिनी: जिना कसाय? सासूबाईंचे गुडघे

पूर्वा: उभा आहे, धरायला दोर बांधलाय 🙈

वहिनी: मग त्या एकदा वर चढल्या की थेट दिवाळीलाच खाली

नाना: जिन्याचं राहू दे, छपराचं बोला. आत्ता मे चालू आहे, आत्ता सगळीच घरं छान दिसतात. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा जून-जुलैत. मालकाला पहिलं विचार, शाकारणी केली का यंदा? कौलं उतरवून खालच्या लाकडी पट्ट्या, रिपा, बघून परत लावायची असतात, वानरं उड्या मारून दोनचार फोडतातच दरवर्षी, आणि आत्ता माणसं मिळत नाहीत कारण सगळे आंब्याच्या बागेत. पोटमाळ्यावर टॉर्च घेऊन स्वतः चढ, वाशांवर काळे ओघळ दिसले तर तिथे गळतंय, कितीही रंग मारलेला असू दे. तुळईवर किल्ली आपट, भद्द आवाज आला की आत वाळवी. पश्चिमेकडची भिंत हाताने बघ, त्या बाजूने पाऊस झोडपतो, जांभ्यावर सिमेंटचा गिलावा करून वर ऑइलपेंट मारला असेल तर ओल आतच कोंडते आणि सप्टेंबरपर्यंत कपाटातल्या साड्यांना बुरशी. आणि शाकारणीचा खर्च कोणाचा ते कागदावर घे, तोंडी नको.

पूर्वा: नाना एवढं मी बघितलंच नाही, मी गॅलरी बघत बसले 😂

बंड्यादादा: कागदाचं मी सांगतो. 11 महिन्यांचं अॅग्रीमेंट असलं की रजिस्टर करावं लागत नाही असं सगळे म्हणतात, ते महाराष्ट्रात चालत नाही. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55, लिव्ह अँड लायसन्स म्हणजे हेच भाड्याचं कागद लेखीच पाहिजे आणि रजिस्टरच पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची. रजिस्टर नसलं आणि भांडण झालं तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते धरतात, मालकाने उलटं सिद्ध करेपर्यंत. हे मालकाच्या कानावर घाल, लगेच तयार होईल. स्टॅम्प पाव टक्का, शहरात रजिस्ट्रेशन 1000, घरबसल्या ऑनलाइन होतं

बंड्यादादा: आणि प्रॉपर्टी कार्ड माग, घर कोणाकोणाच्या नावावर ते त्यात कळतं. जुन्या घरांवर सहासात नावं असतात, एक भाऊ भाडं घेतो आणि दुसरा गणपतीला मुंबईहून येऊन विचारतो तुम्ही कोण

माईआत्या: आमच्या शेजारी अगदी हेच झालं!! नैवेद्य बाजूला राहिला

वहिनी: पाणी? संडास मागच्या अंगणात नाही ना गो

पूर्वा: नाही नाही, मागे स्लॅब टाकून वरच बाथरूम काढलंय. नळ आहे, शिवाय विहीर आहे पण पंप दुकानवाल्याच्या मीटरवर

नाना: पंपाचं आधी ठरव. मेमध्ये नळ कधी दिवसाआड होतो. वायरिंगपण बघ, लाकडी पट्टीवरची जुनी असेल तर एसी, गीझरचं नाव काढू नको

माईआत्या: ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1886 ला रत्नागिरीत आणला, पॅलेस बांधून मिळाला 1910 च्या सुमारास. तुम्ही लोक पूर्वाला तेवढंच थांबवणार

पूर्वा: 😂😂 थांबा, मालकांशी बोलले आत्ताच. शाकारणी 25 तारखेच्या आत करून देतो म्हणाले, खर्च त्यांचा, लिहून द्यायला तयार. प्रॉपर्टी कार्डावर त्यांचं आणि बहिणीचं नाव आहे, बहीण चिपळूणला असते, सहीला येईल. जिन्याला कठडा आपण लावायचा. फक्त पोटमाळ्याला कुलूप आहे, त्यात बहिणीचं सामान आहे, ते तिथेच राहणार म्हणतायत

नाना: मग वासे बघणार कसे? सहीला येईल तेव्हा किल्ली घेऊन ये म्हणावं, बघितल्याशिवाय डिपॉझिट नाही

वहिनी: आणि पोटमाळा त्यांचाच तर भाड्यात धरला कशाला

बंड्यादादा: 12 म्हण. 13 ला येतील