लॅपटॉप, तबला, नो-इनपुट मिक्सर आणि मॉड्युलर एकाच संध्याकाळी: मांडणी कशी करावी?

खरखर_पुणे

नमस्कार मंडळी. पुण्यात 60 खुर्च्यांच्या छोट्या सभागृहात प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक आणि उत्स्फूर्त संगीताची संध्याकाळ ठरते आहे. तीन सादरीकरणं, प्रत्येकी 25 मिनिटं: लॅपटॉप आणि तबला, नो-इनपुट मिक्सर (स्वतःचंच आउटपुट परत इनपुटमध्ये घालून वाजवलेला मिक्सर), मॉड्युलर सिंथ (वायरींनी जोडलेल्या सुट्या विभागांचा सिंथेसायझर) आणि कॉन्टॅक्ट माइक (वस्तूला चिकटून तिची थरथर पकडणारा) लावलेले पत्रे, स्प्रिंगा. शेवटी चौघं मिळून 15 मिनिटं. सभागृहाचा मिक्सर ‘12 चॅनलचा’ आहे, स्पीकर दोन. वेळ 7 ते 9.30, तयारीसाठी जागा 4 वाजता ताब्यात. मध्ये वायरी बदलण्यात वेळ जाऊ नये, हम (विजेची गुणगुण) येऊ नये आणि तबला बाकीच्यांखाली बुडू नये, यासाठी काय करावं?

फेडर_खाली

सर्वात आधी त्या 12 चॅनलच्या मिक्सरची मागची बाजू बघा. छोट्या मिक्सरवर ‘12’ हा आकडा स्टिरिओ लाइन इनपुट धरून असतो, माइकच्या तीन पिनांच्या, म्हणजे एक्सएलआर जागा बऱ्याचदा चारच निघतात. तुम्हाला लागणार आठ: तबल्याला एक, डग्ग्याला एक, लॅपटॉपच्या डीआय बॉक्सचे (उपकरणाचा आवाज माइक इनपुटजोगा करणारी डबी) दोन, मॉड्युलरच्या डीआयचे दोन, कॉन्टॅक्ट माइकचा एक, निवेदनाचा एक. नो-इनपुटचे दोन थेट लाइन इनपुटमध्ये जातील. जागा कमी पडत असतील तर मिक्सर भाड्याने आणा. ऐनवेळी वायर काढून दुसरी खुपसणं हाच रसभंग.

चारही टेबलं 4 वाजताच मांडून, जोडून ठेवा आणि रात्रीपर्यंत हलवू नका. तबल्याची बैठकसुद्धा. मग सादरीकरणांच्या मध्ये फक्त फेडर खालीवर करायचे उरतात. साउंड चेक उलट्या क्रमाने घ्या: आधी चौघांचं एकत्र, मग तिसरं, दुसरं, पहिलं. पहिल्याची सेटिंग शेवटी लागलेली असल्यामुळे पडदा उघडताना मिक्सरला हात लावावा लागत नाही.

लॅपटॉपबाबत नेहमीची चूक: हेडफोनच्या भोकातून स्टिरिओ पिन काढून ती मिक्सरच्या एकाच बॅलन्स्ड इनपुटमध्ये घालणं. तो इनपुट डाव्यातून उजवा वजा करतो. त्यामुळे मधोमध असलेला बास आणि ठेका गायब होतो, बाजूचा रिव्हर्ब तेवढा ऐकू येतो, आणि सगळे लॅपटॉपवाल्याला दोष देतात. डावा-उजवा वेगळा करणारी वाय केबल आणि दोन चॅनलचा ट्रान्सफॉर्मरवाला डीआय, एवढंच लागतं. शिवाय छोट्या मिक्सरवर 48 व्होल्टचं फँटम (काही माइकांना केबलमधूनच दिली जाणारी वीज) सगळ्या माइक चॅनलना एकदम लागतं. लॅपटॉप साध्या अडॅप्टर केबलने एक्सएलआरमध्ये गेला असेल तर ते 48 व्होल्ट त्याच्या आउटपुटवर येतात. मध्ये ट्रान्सफॉर्मर असला की अडतात.

पट्टा_पक्कड

हमसाठी सोपा उपाय आहे. लॅपटॉपच्या चार्जरची अर्थिंगची पिन काढून टाका, लगेच शांत होतं.

पन्नास_हर्ट्झ

कृपया हे कुणीही करू नका. अर्थची पिन ही माणूस वाचवण्यासाठी असते. हम थांबवायला आवाजाच्या केबलचं शील्ड (बाहेरची जाळी) एका टोकाला सोडायचं असतं, आणि डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण तेच करतं. उपकरणाची अर्थ तोडलीत आणि आत कुठे लाइव्ह वायर बॉडीला टेकली, तर 230 व्होल्ट वाजवणाऱ्याच्या हातात. तबल्याजवळचा माइक धरलेल्या माणसाच्या तर नक्कीच.

शोधायचं कसं: जाड, खालच्या सुरातला आवाज 50 हर्ट्झचा असेल तर बहुधा अर्थ लूप, म्हणजे दोन उपकरणं दोन वाटांनी अर्थला जोडली गेलेली. कर्कश, 100 हर्ट्झच्या वरचा झण्ण आवाज असेल तर लाइटचा डिमर किंवा पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. पंखे पूर्ण वेगात ठेवा नाहीतर बंद ठेवा, मधल्या आकड्यांवर नको. (वाऱ्याने कंडेन्सर माइक फुरफुरतो तो त्रासही वाचतो.) माउस हलवला की किर्र करणारा आवाज यूएसबीमार्गे येतो. लॅपटॉप चार्जरवरून काढून बघा. 25 मिनिटं बॅटरी चालतेच. मिक्सर, स्पीकर आणि चारही टेबलं एकाच सॉकेटच्या लाइनवरून घ्या, दिवे दुसऱ्या. 6 अँपिअरच्या सॉकेटवर 1380 वॅटची मर्यादा आहे. तुमची उपकरणं त्यात बसतील, पण त्यावर चहाची इलेक्ट्रिक किटली लावू नका.

सभागृहाच्या इन्व्हर्टरची लाट चौकोनी असेल तर वीज गेल्यावर गाणं सुरू राहील, पण झण्णसुद्धा सुरू होईल. आधी एकदा मेन बंद करून ऐका.

सोल्डर_काका

कॉन्टॅक्ट माइकबद्दल. हा माइक म्हणजे थरथरीची वीज करणारी पायझो चकती. 27 मिलिमीटरची पितळी चकती बुधवार पेठेत किंवा मुंबईला लॅमिंग्टन रोडला मिळते. ती मिक्सरमध्ये थेट लावली की पातळ, टिनपाटासारखा आवाज येतो, आणि लोक समजतात पत्राच तसा आहे. चकतीची कपॅसिटन्स साधारण 20 नॅनोफॅरड. लाइन इनपुटचा रोध 10 किलोओहम धरला तर 800 हर्ट्झच्या खालचं सगळं उतरतं. तोच रोध 1 मेगाओहम झाला की मर्यादा 8 हर्ट्झवर जाते. म्हणून मध्ये बफर (चकतीला जास्त रोध दाखवणारं छोटं सर्किट) हवाच: टीएल072 ही ऑप-ॲम्पची चिप, इनपुटला 1 मेगाओहम, 9 व्होल्टची बॅटरी. सोल्डर करायचं नसेल तर गिटारचं बफर असलेलं कुठलंही पेडल चालतं. बफरपर्यंतची वायर हातभर लांब, त्यापुढे डीआय.

डाग देताना मधल्या पांढऱ्या भागावर सोल्डरिंग आयर्न दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, चांदीचा थर सुटतो. सिग्नल मधल्या भागाला, शील्ड पितळेला. वर इन्सुलेशन टेप आणि तिच्यावर शील्डला जोडलेली तांब्याची पट्टी, नाहीतर हात जवळ आला की हम.

मॉड्युलरचं आउटपुट 10 व्होल्ट शिखर-ते-शिखर, म्हणजे व्यावसायिक लाइन पातळीपेक्षा जवळजवळ 9 डेसिबल जास्त. डीआयवर 20 डेसिबलचा पॅड (पातळी उतरवणारं बटण) लावा. ऑसिलेटर गरम होईपर्यंत सूर सरकतो, म्हणून अर्धा तास आधी चालू करा.

काळी_एक

तबला बुडतो तो पातळीमुळे कमी, सूर न जुळल्यामुळे जास्त. काळी एकमध्ये लावलेला तबला म्हणजे ए 440 धरून 277.18 हर्ट्झ. लॅपटॉपवर षड्ज-पंचमाचा ड्रोन (तानपुऱ्यासारखा अखंड सूर) असेल तर पंचम 415.30 ला येतो, कारण सॉफ्टवेअरची पट्टी समान विभागलेली असते. कान मागतो तो 415.77. फरक अर्ध्या हर्ट्झपेक्षा कमी, पण वरच्या स्वरांशांत दर सेकंदाला एक ठोका पडतो आणि ड्रोन डुलतो. तो डोल हवा असेल तर ठेवा, नको असेल तर पंचम दोन सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) वर घ्या. तबला त्याच सभागृहात, एसी जसा राहणार तसाच ठेवून 6.30 ला पुन्हा लावा.

तबल्याला डायनॅमिक माइक, किनारीपासून 15 सेंटिमीटर, स्पीकरकडे पाठ करून. मॉड्युलरवाल्याला सांगा की तबला वाजत असताना 120 हर्ट्झच्या खाली जागा मोकळी सोडा, डग्गा तिथेच राहतो.

खरखर_पुणे

खूप आभार. दोन गोष्टी राहिल्या. नो-इनपुटला स्पीकर जळण्याची भीती आहे. आणि शेवटच्या चौघांना आधी किती ठरवून द्यावं? श्रोते बरेचसे मैफलीला जाणारे आहेत.

फेडर_खाली

नो-इनपुटवाल्याचा मिक्सर स्वतंत्रच हवा, जुना ॲनालॉग. त्याचं ऑक्स 1 (मिक्सरची जादा आउटपुट वाट) आउटपुट चॅनल 1 च्या लाइन इनपुटला, मग त्या चॅनलचं ऑक्स हळूहळू वर. सूर कुठला निघेल ते मिडचा इक्वलायझर ठरवतो. धोका ऐकू न येणाऱ्या टोकांना असतो: 15 किलोहर्ट्झची अखंड शिट्टी ट्वीटर (उंच सुरांचा छोटा स्पीकर) तापवते, अगदी खालचा थरथराट मोठ्या स्पीकरला ताण देतो. म्हणून सभागृहाच्या मिक्सरवर त्याला 40 हर्ट्झखाली कट, वरच्या टोकालाही कट आणि लिमिटर (आवाज ठरावीक पातळीवर जाऊ न देणारा). साउंड चेकला ‘तुमचा तुकडा वाजवा’ म्हणू नका, तो पुन्हा तसा येणार नाही. ‘सगळ्यात मोठा आवाज काढा’ म्हणा आणि गेन त्यावर ठरवा.

एकूण आवाज सरासरी 85 डेसिबलपाशी. 100 डेसिबलला कान 15 मिनिटंच सहन करतात, म्हणून दारात इअरप्लगची वाटी ठेवा.

काळी_एक

चौघांना ठरवून द्यायचं ते फार थोडं. कोण सुरू करणार, आणि 12 व्या मिनिटाला बाजूचा एक दिवा मंद होणार. मॉनिटरऐवजी (वाजवणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर) प्रत्येकाच्या शेजारी त्याचा स्वतःचा छोटा ॲम्प ठेवा. आवाज माणसाच्या जागेवरून आला की दुसऱ्याला उत्तर देता येतं. चौघं सतत वाजत राहिले की सगळंच राखाडी होतं, म्हणून ‘एका वेळी जास्तीत जास्त तिघं’ हा एकच नियम तालमीत लावून बघा. पटला नाही तर सोडा.

मैफलीच्या श्रोत्यांना दोन मिनिटांचं निवेदन पुरे. हे परदेशी फॅड आहे असं कुणाला वाटत असेल तर सांगा की अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत 1969 मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्युडर यांच्या मदतीने मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा राहिला होता. नो-इनपुटसाठी जपानी संगीतकार तोशिमारू नाकामुरा यांचं नाव घ्या. बाकी तंत्र सांगत बसू नका. मध्यंतरात टेबलं जवळून बघू द्या, पण तेव्हा मेन फेडर खाली आणि टेबलाशी एक माणूस उभा.