मदत हवी आहे: ह्यूजच्या तारयंत्राची कॉइल तापतेय

डेव्हिड ह्यूजच्या अक्षरं छापणाऱ्या तारयंत्राचं (पेटंट १८५६) चालतं मॉडेल करतोय. पियानोसारख्या २८ पट्ट्या मी आठवर आणल्यात, हसू नका! त्याच्या यंत्रात विजेनं फक्त खटका सोडायचा. चाकं फिरवणं, छापणं सगळं टांगलेल्या वजनाच्या जोरावर. लोखंडी तुकडा कायमच्या चुंबकानं धरलेला, स्प्रिंग त्याला ओढतेय. चुंबकावर गुंडाळलेल्या तारेतून (कॉइल) गेलेला विजेचा झटका चुंबकाची पकड सैल करतो की तो तुकडा सुटतो. म्हणून करंट कमी लागतो.

माझी कॉइल मात्र चटके देते, बॅटरी तासाभरात आडवी. स्प्रिंग ताणली तर तुकडा आपोआप सुटतो, सैल केली तर ढिम्म. चुंबक जुन्या स्पीकरचा आहे. मध्ये कागद घालून अंतर वाढवू, की बारीक तारेचे वेढे वाढवू? कुणी रिले-बिले (विजेच्या चुंबकावर चालणारे स्विच) स्वतः गुंडाळलेत का?